बेंजोची खरखर

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रत्नाताईंनी भंगारातल्या टेपमधून इक्वलायझरची, म्हणजे जाड-बारीक सूर कमीजास्त करणाऱ्या पेटीची, चिप काढून दिली, म्हणून माझ्या गेलेल्या वडिलांचा बेंजो इथे सुरतेत वाजला. मी सातवीत शाळा सोडलेली. चिपचे पाय त्यांनीच मोजून दाखवले. "उलटी लावलीस तर मेली समज, दुसरी नाही हं!" मी पाय पुन्हा मोजले, मगच चिप बसवली.

इक्वलायझरची पेटी तयार झाली, बेंजो तिला जोडला. खरखर घालवायला मी पेटीवरची बारीक सुरांची सरकती पट्टी खाली ओढली. सूर स्वच्छ आला, पण तो कुणाच्याही बेंजोचा वाटला. वडिलांच्या बेंजोची एक कळ सैल आहे, ती पहिल्यापासून खरखरते. माणूस बहुधा अशाच बिघाडात मागे उरतो. पट्टी मी पुन्हा वर नेली.

"राहू दे तशीच," ताई चष्मा पुसत म्हणाल्या.

त्यांची नजर अधू होत चाललीय. चिपचे पाय त्यांना दिसेनासे होतील, तेव्हा ते मोजून द्यायला मी येईन, कुठेही असलो तरी.