नवनाथराव आणि तेरावा हूप

आज सकाळी नवनाथराव गेले. स्मशानात उभा राहून मी त्यांचा हेवा करत होतो.

खोटं कशाला सांगू.

त्यांच्या गावाहून, करमाडहून, दोन गाड्या भरून माणसं आली होती. एसटीतले जुने कंडक्टर, मेकॅनिक. आमच्या क्लबच्या बायका ओक्साबोक्शी रडत होत्या.

आणि माझ्या डोक्यात एकच. मी गेल्यावर एवढे येतील का?

बऱ्याच फ्रेंड्सना नवनाथराव माहीत नसतील, म्हणून सांगतो.

मी क्रीडाशिक्षक होतो. रिटायर झाल्यावर सिडकोत आमच्या कॉलनीमागच्या ओपन स्पेसवर क्रोके सुरू केलं. लांब दांड्याच्या लाकडी मॅलेटनं बॉल टोलवायचा आणि जमिनीत रोवलेल्या लोखंडी कमानीतून पार करायचा. त्या कमानीला हूप म्हणतात. बॉल आणि हूपमध्ये जागा किती, तर नखाएवढी.

लॉन मी सपाट करून घेतलं. हूप मी वेल्डिंगवाल्यापुढे बसून वाकवून घेतले. रूलबुक मी पाठ केलं.

आणि एक दिवस कंपाउंडपाशी एक जाडजूड गृहस्थ येऊन उभे राहिले.

"सर, हे काय खेळता ओ?"

"क्रोके."

"मी बी खेळून बघू का?"

तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. सोयगावची गाडी अजिंठ्याच्या घाटातून काढलेला माणूस. पहिल्याच दिवशी लागोपाठ तीन हूप पार केले.

"लई सोपं हाय सर. गाडी फाटकातनं काढायची, तसंच हाय."

मला हे जमायला सात महिने लागले होते.

महिन्याभरात ते सगळ्यांचे नाना झाले. मी सरच राहिलो.

शेवटपर्यंत ते "क्रोकेट" म्हणायचे. मी रोज सांगायचो, शेवटचा टी सायलेंट आहे. ते "व्हय सर" म्हणायचे, पुन्हा क्रोकेटच म्हणायचे आणि मला हरवायचे.

एकदा माझी बायको खेळ बघायला आली. घरी जाताना म्हणाली, "नानांचा खेळ बघायला छान वाटतं. तुम्ही फार कपाळाला आठ्या घालता."

दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही.

मग राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्यातून एकाची निवड होणार होती. फायनलला आम्ही दोघंच. प्रत्येक हूप आधी जो पार करेल त्याला एक पॉइंट. स्कोअर सहा-सहा. तेरावा हूप जो घेईल, तो पुण्याला जाणार.

त्यांचा बॉल हूपच्या अगदी तोंडाशी होता. माझा त्याच्या शेजारी, जरा तिरका. टोला माझा. चुकलो असतो, तर पुढच्या टोल्याला त्यांनी डोळे मिटूनही घेतला असता.

मी मारला. मॅलेट बॉलला दोनदा लागलं.

टक-टक.

हा फॉल्ट. पॉइंट मिळत नाही. आणि आमच्या खेळात आपला फॉल्ट आपणच सांगायचा असतो. क्लबमधल्या प्रत्येकाला हे मीच शिकवलं होतं.

बॉल हूपमधून गेला. टाळ्या वाजल्या.

नवनाथराव माझ्याकडे बघत होते. मी माझ्या बुटांकडे.

"अभिनंदन, सर." हात मिळवला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळींची बातमी आली. माझं नाव होतं, पण खेळ "क्रिकेट" छापला होता. मी पेपरच्या ऑफिसला फोन करून भांडलो. एवढ्या एका चुकीसाठी.

पुण्याला जाऊन पहिल्याच राउंडला हरून आलो.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, खेळ संपल्यावर आम्ही दोघंच बाकावर चहा पीत बसलो होतो. मला राहवलं नाही.

"नवनाथराव, त्या दिवशी तेराव्या हूपला माझा डबल टच झाला होता."

"ठावं हाय. दोनदा वाजलं. जिंदगी इंजिन ऐकण्यात गेली माझी."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्हीच शिकवलं ना, ज्याचा फॉल्ट त्यानं सांगायचा. मी थांबलो सर तुमच्यासाठी. लई थांबलो."

आवाज चढला होता. त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

मी सॉरी म्हणालो.

"मला नका सांगू. मला तर ठावंच हाय. ग्रुपवर टाका."

"टाकतो."

या गोष्टीला दीड वर्ष झालं.

कितीतरी वेळा टाइप केलं. डिलीट केलं. लोक मला नावं ठेवतील ही भीती होतीच. पण खरं कारण वेगळं. हे कळल्यावर नाना सगळ्यांना अजूनच आवडले असते. तेवढं मला सहन होणार नव्हतं.

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. रोज आले, रोज खेळले, "सर, तुमचा टोला" म्हणत राहिले.

काल संध्याकाळी पण खेळले. आज पहाटे छातीत कळ आली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

स्मशानातून निघताना त्यांच्या घरच्या, सुमनताई, मला थांबवून म्हणाल्या, "सर, तुमचं नाव लई काढायचे. म्हणायचे, सरांनी मला नवा खेळ दिला."

म्हणजे घरीसुद्धा त्यांनी सांगितलं नव्हतं.

घरी आलो, आंघोळ केली आणि हे लिहायला बसलो. डोकं अजून ओलंच आहे.

हेच क्लबच्या ग्रुपवर टाकलंय. क्रोके संघटनेला मेल केलाय की ती निवड माझी नव्हती. उद्या निवडीचं ते सर्टिफिकेट घेऊन सुमनताईंकडे जाणार आहे. घेतील की नाही, माहीत नाही.

आता खाली कमेंटमध्ये तुम्ही सगळे नानांबद्दल चांगलंच लिहाल. मी वाचेन. आणि मला थोडा त्रासही होईल.

होऊ द्या.

नवनाथराव, पुण्याला तुम्ही जायला हवं होतं. मी उशीर केला. माफ करा.

शेवटचा नमस्कार.