फेट्याखालचे केस

टाळेबंदीत घरी बसून लोक काही ना काही शिकले. आमच्या शेजारणीने कुकरात केक केला. तिचे सासरे मोबाईलवर पत्ते खेळायला शिकले. मी नियम करायला शिकलो. यातला फक्त केक लोकांनी आनंदाने खाल्ला.

मी सुप्याला कंपनीत कामाला. कंपनीच्या गेटला कुलूप लागलं आणि मी पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी, स्वतःच्याच ओट्यावर येऊन बसलो. बायकोला दोन दिवस ते बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "गावात कोरोनाची कमिटी करत्यात म्हनं. तुमी जावा की." मला वाटलं, एवढ्या वर्षांनी का होईना, नवऱ्याची लायकी हिच्या ध्यानात आली. नंतर कळलं की तिला ओटा सारवायचा होता.

कमिटीच्या मुख्य आमच्या सरपंच. भावकीतल्याच, त्यामुळे मी त्यांना वहिनी म्हणतो. त्यांनी देवळाच्या भोंग्यावरून सूचना देण्याचं काम माझ्याकडे दिलं आणि मी कामाला लागलो. गावात येणारे रस्ते बाभळीच्या फांद्या टाकून बंद केले. ओढ्याकडच्या पायवाटेवर तर अशी काटेरी भिंत रचली की कुत्र्यानेही दोनदा विचार करावा. मग मी नियम मांडला: बाहेरगावाहून येईल त्याने चौदा दिवस शाळेत राहायचं. इथपर्यंत तो सगळीकडेच होता. पण मी त्याला स्वतःचं शेपूट जोडलं, की गावातला माणूस विनापरवानगी बाहेर जाऊन आला, तर तोही बाहेरचाच.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, जरा जास्तच व्हतंय का?"

मी म्हणालो, "वहिनी, नियमाला नातं नसतं."

हे वाक्य मला इतकं आवडलं की त्या दिवशी मी ते भोंग्यावरूनही सांगितलं.

या नियमात पहिला सापडला माझाच चुलतभाऊ. तो चाकणला नोकरीला. तिकडची कंपनी बंद पडल्यावर काही आठवडे खोलीवर काढले आणि मग मोटारसायकलवर पिशवी बांधून आला. वेशीवर थांबून म्हणाला, "दादा, घर दिसतंय हितून. कौलं मोजता येत्यात."

"मोज," मी म्हणालो, "पण शाळेत बसून."

त्याची आई, म्हणजे माझी काकू, तेव्हापासून मला पाहिलं की पदर नाकावर घ्यायची. तो कोरोनामुळे नव्हता.

अशात माझ्या भाचीचं लग्न आलं. माझी थोरली बहीण गावातच दिलेली. भाची पाचवीत होती तेव्हा तिचे वडील गेले. तेव्हापासून तिची शाळा, सायकल, सायकलवरून पडल्यावरचं हळदीचं फडकं, कॉलेजचा प्रवेश, सगळीकडे मामा. नवरा मुलगा पुणतांब्याचा, गोदाकाठच्या शेतकऱ्याच्या घरचा. लग्न एकदा पुढे ढकललं होतं. आता मोजक्या माणसांची परवानगी मिळाली, तसं दोन्ही घरांनी ठरवलं की बहिणीच्या दारातच उरकून टाकू. बँड नाही, वरात नाही, पंगत नाही. मुलाकडची माणसं सरकारी पास घेऊन येणार आणि अक्षता पडताच परतणार, म्हणून त्यांना चौदा दिवस लागू नव्हते.

मला मान एकच हवा होता आणि त्याला सरकारची हरकत नव्हती. आमच्याकडे मुलीचा मामा तिला धरून बोहल्यावर आणतो आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. भाची लहान असताना दुसऱ्यांच्या लग्नात माझ्या खांद्यावर बसून ते बघायची आणि विचारायची, "माझ्यामागं तुमीच ना?" मी म्हणायचो, "मग कोन, भटजी?"

आता माझ्या केसांकडे वळतो, कारण सगळा घोटाळा त्यांनी केला. सलून बंद होऊन बरेच दिवस झाले होते. गावातले बाप्ये एखाद्या आखाड्यातले साधू दिसायला लागले होते. माझे केस कानांवरून उतरून कॉलरीत शिरले होते. लग्नाच्या फोटोत मी भाचीच्या मागे उभा असणार, तो फोटो पुणतांब्याच्या भिंतीवर जन्मभर लागणार, आणि येणारे-जाणारे विचारणार की हा मागचा बुवा कोण. बायको म्हणाली, "मी कापते की." तिच्या हातात दुधाची पिशवी कापायची कात्री होती. तिने आधी माझ्या धाकट्या भावाचे केस कापले होते. तो तेव्हापासून टोपी घालून जेवत होता.

आमचा सलूनवाला टाळेबंदी लागताच सासुरवाडीच्या वस्तीवर गेला होता. वस्ती ओढ्यापलीकडे, म्हणजे शेजारच्या गावात. त्या गावात रुग्ण सापडल्याने ते गाव बंद होतं. ही बातमी आमच्या गावाला भोंग्यावरून कुणी दिली, हे सांगायला नको. पण वस्ती अगदी कडेला आहे, ओढा ओलांडला की लागते, तिला गाव म्हणायचं की नाही हाच मुळात प्रश्न आहे, असा मी मनाशी खटला चालवला. वकील मी, न्यायाधीश मी. निकाल माझ्या बाजूने लागला.

एका दुपारी सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना मी डोक्यावर उपरणं घेऊन निघालो. सलूनवाला चिंचेखाली खुर्ची टाकून बसला होता. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "कमिटीवाले तुमीच ना?"

"आज सुट्टी हाय."

त्याने मन लावून केस कापले. मास्क दोघांनाही होता. कानाजवळ कात्री आली की तो मास्कचा त्या बाजूचा बंद काढायला लावायचा, मग दुसऱ्या बाजूचा. दोन्ही एकदम काढू दिले नाहीत. शेवटी मानेवर पावडर मारली आणि आरसा दाखवला. मी स्वतःलाच ओळख दिली.

परत येताना ओढ्यावर ती काटेरी भिंत लागली. जाताना मी एका फटीतून सहज निसटलो होतो. येताना फट सापडेना. अंदाजाने शिरलो, तर आधी उपरणं अडकलं, मग सदरा, मग विजारीचा मागचा भाग, ज्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही. एकच सांगतो, भिंतीचं काम मी चोख केलं होतं.

"कोन हाय रं तिकडं?" पहाऱ्यावरच्या दोघांनी आवाज दिला.

"मीच."

"मीच म्हंजी कोन?"

मी वळलो, तेव्हा उपरणं बाभळीवर राहिलं आणि डोकं उघडं पडलं. दोघांनी आधी डोक्याकडे, मग एकमेकांकडे बघितलं. एकाने फोन काढून वहिनींना लावला.

वहिनी आल्या. मी काट्यातूनच म्हणालो, "वहिनी, ओढ्याला पानी किती हाय ते बगाया गेल्तो."

"पान्यानं केस कापलं व्हय, भाऊजी?"

खोटं बोलायला काही जागाच नव्हती. जटाधारी गावात एकाच माणसाची मान स्वच्छ होती आणि तिच्यावर पावडर होती. वहिनींनी मला काट्यातून सोडवायला लावलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "नियमाला काय नसतं म्हनाला हुता तुमी?"

संध्याकाळच्या आत मी शाळेत. बायको अंथरूण घेऊन फाटकाशी आली. बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत राहिली.

"लग्नात तुमी फेटा बांधनार हुता ना?"

"व्हय. मामाला फेटा लागतोच."

"मंग केस कुनाला दिसनार हुतं?"

शपथेवर सांगतो, ही गोष्ट तोपर्यंत माझ्या डोक्यात आली नव्हती. बायको अंथरूण ठेवून निघून गेली. तिची पाठ हसत होती.

शाळेच्या व्हरांड्यात चुलतभाऊ पाय पसरून बसला होता. "या दादा," तो म्हणाला. "तुमच्यासाठी पयलीचा वर्ग झाडून ठेवलाय. घर दिसतंय का बगा खिडकीतनं."

दिसत होतं. कौलंसुद्धा.

खरा घाव दुसऱ्या दिवशी बसला. माझी मुदत संपणार होती लग्न होऊन गेल्यावर. चुलतभावाची संपत होती लग्नाच्या आधी. तोही नात्याने मामाच लागतो. कमिटीने ठरवलं, मुलीच्या मागे हा उभा राहील. तो व्हरांड्याच्या त्या टोकावरून म्हणाला, "दादा, फेटा तेवढा तुमचाच बांधू का? मी नवा घ्यावा तर दुकानं बंद."

"माझ्या डोक्याचा हाय तो."

"बसंल की मला. केसच एवढं वाढल्यात."

मी वर्गात जाऊन खिडकीशी बसलो. पहिलीच्या बाकावर बसलं की गुडघे हनुवटीला लागतात, त्यामुळे विचार करायला माणूस आपोआप तयार होतो. एक फोटो चांगला यावा म्हणून मी अख्खं लग्न घालवून बसलो होतो. वहिनींकडे सूट मागावी, असं शंभरदा मनात आलं. पण व्हरांड्यात तो बसला होता, ज्याला मी घरची कौलं मोजायला लावली होती.

भाची डबा घेऊन आली. फाटकाबाहेर डबा ठेवून मागे सरकली. मास्कच्या वर नुसते डोळे.

"मामा, भाकरी गरम हाय. लगीच खावा."

"खातो."

"केस चांगलं कापल्यात."

ती हसेल असं वाटलं. हसली नाही.

"दुसरं मामा उभं राहत्यात म्हनं माझ्यामागं."

"चांगला हाय तो."

"चांगलं हायतच. पन मामा, माझ्यामागं तुमी असता, म्हनून मला कधी मागं बघावं लागलं न्हाई. आता त्या दिवशी बघत बसू का?"

मी म्हणालो, "बाळा, नियम मीच केला. मीच मोडला तर उद्या हितं कुनी बसंल का? मी बाहेर येनार न्हाई आन् वहिनीला विचारनार बी न्हाई."

ती उभी राहिली. मग माझ्या खिडकीकडे बघितलं, खिडकीपुढच्या मैदानाकडे बघितलं, पुन्हा खिडकीकडे. आणि तडक निघून गेली. मला वाटलं, रागावली. भाकरी गार झाली.

दुसऱ्या दिवशी भोंग्यावर वहिनींचा आवाज आला. माझ्या गैरहजेरीत त्याच बोलत होत्या आणि माझ्यापेक्षा बऱ्या बोलत होत्या. लग्न बहिणीच्या दारात नाही, शाळेच्या मैदानावर होईल. मोकळी जागा आहे, ज्यांना परवानगी आहे ते लांब लांब उभे राहतील. बाकी कुणी फाटकाजवळ फिरकायचं नाही.

भाची त्यांच्याकडे जाऊन म्हणाली होती, "मामा बाहेर येत न्हाईत तर लगीनच तिकडं नेऊ. नियमात कुठं लिवलंय लगीन शाळेत लागत न्हाई म्हनून?" पुणतांब्याला फोन केला, तर व्याही म्हणाले, "शाळेत? मंग शिस्तीत व्हईल."

लग्नाच्या सकाळी खिडकीपासून चांगलं लांब चुन्याच्या फक्कीने एक वर्तुळ आखलं. नवरीने त्यात उभं राहायचं, पाठ माझ्या खिडकीकडे. बायकोने फेटा आणून फाटकाशी ठेवला होता. मी तो बांधून गजांमागे सज्ज झालो. चुलतभाऊ सुटला होता. भटजींनी मास्कमधून पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." त्याने भाचीला वर्तुळापर्यंत आणलं. मग तो तिथे थांबला नाही. खिडकीकडे हात करून बाजूला सरकला. "दादा, आता तुमचं चालू द्या," म्हणाला. काकूने नाकावरचा पदर खाली घेतला आणि वहिनींनी बघितल्याबरोबर परत वर केला.

तेवढ्यात फोटोवाला ओरडला, "मामा, तुमी कुठं हाय?"

"हितंच की."

"दिसत न्हाई."

शाळेचं जोतं उंच आणि खिडकी बुटकी. ताठ उभा राहिलो की बाहेरून माझं फक्त पोट दिसायचं. वाकलो की फेटा पुढे यायचा आणि चेहरा त्याच्या सावलीत जायचा. मी सगळ्या बाजूंनी वाकून बघितलं. अंतरपाट धरलेले दोघे अवघडले. नवरदेव पडद्यापलीकडून विचारत होता की काय झालं.

शेवटी बायकोचा आवाज आला. "अवं, काढा तो फेटा."

मी फेटा काढून पहिलीच्या बाकावर ठेवला आणि वाकून, दोन गज धरून, उघड्या डोक्याने उभा राहिलो. आता दिसतोय, असं फोटोवाला म्हणाला. चुलतभाऊ आपल्या जटांवरून हात फिरवत म्हणाला, "बगा, माझ्या डोक्याला फेटा लागत हुता आन् तुमी देत नव्हता."

मंगलाष्टका झाल्या. माणसं लांब उभी असल्याने अक्षता जोरात फेकाव्या लागत होत्या. बऱ्याच खिडकीतून आत आल्या, बाकांवर आणि माझ्या ताज्या कापलेल्या केसांत पडल्या. एवढ्या सगळ्या वेळात भाचीने एकदाही मागे बघितलं नाही.

मागच्या दिवाळीत मी पुणतांब्याला गेलो होतो. तो फोटो तिथे दारातून शिरताच समोर आहे. पुढे नवरा-नवरी, मागे गजांमधून मी, भांग व्यवस्थित, मानेवरची पावडर मात्र दिसत नाही. भाचीची मुलगी आता बोलायला लागली आहे. ती फोटोकडे बोट दाखवून आईला विचारत होती, "आजोबांना कोंडून का ठेवलंय?"

भाची भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "केस कापले म्हनून."