तुसांच्या पेटीतला भात

लाकूड कसं वाचवावं हे विचारायला माझ्याकडे अजून माणसं येतात. मी शिकलो दोन यत्ता. तिसरीत मास्तरानं छडी उगारली तेव्हा पाटी तिथंच ठेवून घरी आलो, तो परत गेलो नाही. पण चुलीतलं मला साऱ्या गावापेक्षा जास्त कळतं, हे मी कुणाच्याही तोंडावर म्हणेन. तुसांची पेटी मीच काढली. ती घराच्या आत ठेवू नये, हेही मलाच ठाऊक. कसं ते लिहितो.

आमचं गाव डोंबिवलीच्या खाडीकाठी. पावसात भात, उघाडीत मिठागर. खारट जमिनीत जळणाचं झाड कुठलं? बायका मलंगडाच्या पायथ्याला जात आणि मोळी डोक्यावर घेऊन येत. मग सरकारनं ते रान आपलं म्हणून राखायला घेतलं. एक दिवस रानाच्या शिपायानं माझ्या बायकोचा कोयता काढून घेतला आणि तिला उन्हं कलेपर्यंत नाक्यावर बसवून ठेवलं. मुलगी तेव्हा चार महिन्यांची. दिवसभर माझ्या मांडीवर भुकेनं रडत होती आणि मी रस्त्याकडे बघत होतो. बायको आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडलेले. मी म्हणालो, "आता तू रानात जायचं नाय. हाय तेवढ्या लाकडात मी भागवीन."

बोलून गेलेलो, तेव्हा निभावणं आलं. ओटीवरच्या लाकडांचा ढीग उतरला की तिला परत त्या शिपायापुढं जावं लागणार. मी ओलं लाकूड चुलीला लागू देईना. ढलप्या बारीक फोडायच्या. शिजलं की जळकी टोकं ओढून पाण्यानं विझवायची, तोच कोळसा दुसऱ्या दिवशी. चुलीच्या बाजूच्या तोंडावर, वैलावर, पाण्याचं मडकं कायम, म्हणजे बाजूनं जाणारी धग फुकट जायला नको. झाकणाशिवाय भांडं दिसलं की मी ओरडायचो. तरी ढीग उतरायचाच.

मग एकदा मिठाच्या गोण्यांबरोबर कल्याण स्टेशनात गेलेलो. साहेबांसाठी बरफाची पेटी उतरली. भर उन्हात, पण आत बरफ शाबूत, लाकडाच्या भुशात पुरलेला. सगळे बरफ बघत होते. मी भुसा बघितला. गारवा जो धरून ठेवतो, तो ऊब का नाही धरणार?

भुसा आमच्याकडे नव्हता, भाताची तुसं मात्र ढिगानं. खोक्यात तुसं ठासली, मधे खळगा केला. भाताला चांगला कढ आला की भांडं चुलीवरून उचलून त्या खळग्यात ठेवायचं, वर तुसं भरलेली उशी. दुपारी उघडलं की भात मऊ, वाफा येतायत. जळण निम्म्यावर आलं. गाव बघायला जमलं. शेजारी माझी विधवा आत्या राहायची, तिला कशाचंच कौतुक नाही. ती म्हणाली, "कोंबडी बसवावी तसा भात बसवलास रं. पिल्लां कवा निघतील?" मी छाती काढून हसलो.

थंडी पडली तशी मी हुशारी आणखी वाढवली. पोरीसाठी वेगळी शेगडी कशाला? तिची झोळी त्या पेटीशेजारीच टांगली. कुडाच्या फटी शेणामातीनं लिंपल्या, झरोक्यात गोणपाट कोंबलं आणि बायकोला ताकीद दिली, "दार लोटूनच ठेवायचं. ऊब बाहेर गेली तर तुझ्याशी गाठ."

एक दिवस सकाळी तिनं भाताचं भांडं उचललं. बुडाच्या काजळीत लाल ठिणग्या लुकलुकत फिरत होत्या. आमच्यात त्याला भांडं हसतं म्हणतात. घरी पाहुणा येणार म्हणून बायामाणसं खूश होतात. रोज ती बुडाला ओल्या राखेचा लेप द्यायची, त्या दिवशी राहिलेला.

"अवो, थांबा, हसतंय ते," ती म्हणाली. "ओला फडका फिरवते."

"फडक्यानं निवेल ना! पाहुणा येतोय तर येऊं दे, भात हाय." मी तिच्या हातून भांडं घेतलं आणि खळग्यात दाबलं. वर उशी ठेवली. पोर झोळीत झोपलेली. मी मिठागरावर गेलो. बायको आत्याला राखण बसवून तळ्यावर धुणं घेऊन गेली.

दुपारी आलो तर आत्या अंगणात सुकट निवडत होती.

"पोर गुणी हो तुझी," ती म्हणाली. "सकालपासून हूं नाय की चूं नाय. पन काय जलतंय का रं?"

"तुझ्या सुकटीचा वास तो. नाक म्हातारं झालंय तुझं."

असं म्हणून मी पाय धुतले. सावकाश धुतले. तेवढा वेळ मला अजून डाचतो.

दार ढकललं आणि डोळ्यांत सुया टोचल्या. जाळ कुठंच नव्हता. पांढरा धूर कमरेएवढा साचून होता. तुसं भडकत नाहीत, आतल्या आत काळी होत जातात. मी झोळीत हात घातला. पोर गरम होती, गाल लालबुंद, आणि मान माझ्या हातावरून लोंबली.

अंगणात आणून तिला ठेवलं. आत्यानं पाणी मारलं, तळवे चोळले, कांदा ठेचून नाकाशी धरला. "हाक मार तिला, मेल्या, हाक मार!" मी वळून बघितलं. तळ्याकडच्या वाटेवर बायको दिसली, डोक्यावर धुण्याची पाटी. तिला काही माहीत नव्हतं. ती एकेक पाऊल जवळ येत होती आणि मला वाटत होतं, हिनं यायच्या आत, देवा, हिनं यायच्या आत.

ती पोचली. पाटी तशीच खाली पडली. तिनं पोरीला उचलून उलटं धरलं, पाठीवर थापटलं. पोर ओकली. मग इतकी बारीक रडली की मला आधी ते दुसऱ्याच कुणाचं रडणं वाटलं.

आत्या म्हणाली, "पाहुना दारातून परत गेला." बायको पोरीला पदराखाली घेऊन अंगणातच बसली.

पेटी मोडून टाकीन असं सगळ्यांना वाटलं. मी मोडली नाही. बायकोला परत त्या शिपायापुढं पाठवायचं होतं थोडंच! जळकी तुसं पाण्यात बुडवून टाकली, नवी भरली आणि पेटी अंगणाच्या पार टोकाला, आभाळाखाली ठेवली. बुडाला लेप मी माझ्या हातानं द्यायचो, ओला फडका दोनदा फिरवायचो. झरोक्यातलं गोणपाट काढलं ते पुन्हा लावलं नाही. बायको रानात गेली नाही. पण झोपलेली पोर मी उगाच उठवायचो. ती भोकाड पसरायची, बायको चिडायची आणि मग कुठं मला जेवण जायचं.

ती पोरगी आता मोहने गावी दिलेली, तिलाच चार पोरं. माहेरी आली की दुपारी जरा पडते. मी दारात उभा राहून खोकतो. ती डोळे न उघडता म्हणते, "जित्ती हाय, बाबा. जावा, जेवा."