खिळ्यांच्या खणांना हात लावू नका

महिन्यातून एकदा तरी कोणीतरी धायरीच्या माझ्या शेडमध्ये येतं, पायाने चालवायच्या ट्रेडल छपाई मशीनला टेकून फोटो काढतं आणि मग विचारतं, "ताई, आम्हांलाही असा छोटा छापखाना सुरू करायचाय. काय काय लागतं?" पूर्वी मी हुरळून जायची. आता सरळ सांगते. जमीन पक्की लागते आणि पाठ शाबूत लागते. काम संपलं की शाईचे रूळ काढून टांगून ठेवायचे. तसेच मशीनवर टेकवून घरी गेलात तर सकाळी ते एका बाजूने चपटलेले असतात आणि पुढच्या प्रत्येक कागदावर तो आळस छापून येतो. शाईचा डबा उघडा टाकून फोनवर गप्पा मारायच्या नाहीत. "उद्याच हवंय" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान दाखवायचं, रस्ता मी समजावून सांगते.

आणि ठसा! हल्ली पत्रिकेवर बोट फिरवलं की अक्षर कागदात रुतलेलं लागलं पाहिजे, तरच लोकांना ते हातचं काम वाटतं. जुन्या छापखानेवाल्यांना ह्याची लाज वाटली असती. कागदाच्या पाठीला पत्ता लागता कामा नये, इतका हलका दाब ही त्यांची शान. मी गिऱ्हाइकाचं ऐकते, पण दाब बेतानेच वाढवते. अक्षरांचे खिळे शिशाचे आहेत, एकदा चेपले की नवे ओतून देणारा माणूस शोधत बसा.

एवढं सगळं पोरं फोनमध्ये टिपून घेतात. मग मी शेवटचा सल्ला देते, की जुने खिळे विकत घेतलेत तर खणांची मांडणी बदलू नका. "एवढंच?" असं त्यांचं तोंड होतं. हो, एवढंच. मी मात्र हे एका माणसाला जवळजवळ दुसऱ्यांदा मुकं करून शिकले.

मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आणि एके दिवशी वैतागून नोकरी सोडली. पेठेतला एक छापखाना बंद होत होता, तिथून ट्रेडल आणि खिळ्यांच्या केस घेतल्या. केस म्हणजे रुंद, उथळ लाकडी खोकं, त्यात लहानमोठे खण आणि प्रत्येक खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. मालक म्हणाले, "आमचे जुळारी तुमच्याच धायरीला राहतात. चाळीस वर्षं ह्याच केसवर उभे होते. अडलंच तर त्यांना गाठा." जुळारी म्हणजे खिळे जुळवून मजकूर उभा करणारा. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, अडायला कशाला पाहिजे?

खणांमध्ये धूळ, झुरळांची अंडी आणि काय काय. मी सगळे खिळे बाहेर काढले. काढताना कुठल्या नंबरच्या खणात कुठलं अक्षर होतं आणि किती खिळे होते, ह्याची एक्सेलमध्ये यादी केली. सवय, दुसरं काय! यादी बघून मला हसूच आलं. र कुठे, तर ह च्या शेजारी. काना मधल्या सगळ्यांत मोठ्या खणात आणि ङ पार वरच्या कोपऱ्यात. चाळीस वर्षांत एकालाही वर्णमाला आठवली नाही? म्हटलं, बाई, आता तूच मार्गी लाव. दोन महिने खपून रॉकेलने खिळे धुतले आणि क, ख, ग, घ अशा ओळीने भरले. प्रत्येक खणाला चिठ्ठी. फक्त शब्दांमध्ये जागा सोडायला लागतात ते कोरे खिळे होते तिथेच राहिले, कारण वर्णमालेत त्यांना जागाच नाही. फोटो टाकले, लोकांनी वाहवा केली, मीही फुगले.

मग काम सुरू केलं आणि हात टेकले. एक साधं कार्ड जुळवायला अख्खी दुपार. शेवटी जुळाऱ्यांचं घर शोधत गेले. दार त्यांच्या बायकोने उघडलं. आत पलंगावर काका बसले होते, उजवा हात मांडीवर उलटा पडलेला. तीन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता आणि तेव्हापासून तोंडातून शब्द नव्हता. "अहो, ह्या बाई आल्यात! तुमचा छापखाना ह्यांनी घेतलाय!" काकू त्यांच्या कानाशी जाऊन ओरडल्या. काकांनी मान वळवून भिंतीकडे केली. मीही आवाज चढवून माझी ओळख करून दिली. भिंतीवरची नजर हलली नाही.

काकू मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "डाव्या हातात पेन दिलं, तर नुसत्या रेघोट्या. वही भिरकावून दिली. डॉक्टर म्हणतात, त्यांना किती कळतंय ते आत्ता सांगता येणार नाही. वाचा परत नाही आली तरी चालेल गं. पण आत माणूस आहे की नाही, तेवढं मला कळू दे. मी रोज कोणाशी बोलते?" मी म्हटलं, त्यांना माझ्याकडे घेऊन या, जरा बदल होईल.

महिनाभर काकू त्यांना रिक्षाने आणत राहिल्या. काका खुर्चीत बसून मशीनकडे बघत. येणारा जाणारा प्रत्येकजण "काय काका, बरं आहे नाऽ?" अशी आरोळी ठोकायचा. कुरिअरवालासुद्धा. त्यांचं कपाळ आक्रसायचं, बस. मी छापताना चुकले की मात्र त्यांच्या नाकातून एक आवाज यायचा. मला वाटायचं, सर्दी असेल.

एका दुपारी मी चिठ्ठ्या वाचत वाचत खिळे हुडकत होते. काका खुर्ची धरून उठले आणि पाय ओढत केसपाशी आले. डावा हात खणांवर धरून थांबले आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात स्टिक होती, म्हणजे ज्यात खिळे ओळीने लावतात ती लहान पट्टी. मी ती त्यांच्यापुढे धरली.

आणि तो हात सुटला. काय सांगू! अंधारात आपल्याला मिठाचा डबा सापडतो तसं, खाली न बघता. नाहीतरी चष्मा नव्हताच डोळ्यांवर. बोटं खणात जायची, सुलट बाजू कळायला खिळ्याच्या अंगावर असते ती खाच चाचपायची आणि टक करून खिळा सरळ स्टिकमध्ये. आयुष्यभर जे काम उजव्या हाताने केलं ते डावा हात करत होता, आणि एकदाही खणाच्या काठावर अडखळत नव्हता. मी उभ्या आयुष्यात कुठल्याही माणसाला काही इतकं येत असलेलं पाहिलेलं नाही. काकूंनी पदर तोंडाशी धरला होता.

ओळ भरली. काकांनी डोळ्यांकडे बोट केलं. काकूंनी धावत चष्मा लावून दिला. जुळाऱ्याला उलटी अक्षरं आपण पेपर वाचतो तशी वाचता येतात. ते स्टिकवर वाकले, वाचलं, पुन्हा वाचलं. चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं. एकदा माझ्याकडे, एकदा काकूंकडे बघितलं आणि डाव्या हाताने स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं. दोनदा. काकूंनी हात धरला म्हणून थांबले.

"काय लिहिलंय?" काकूंनी विचारलं. मी खिळ्यांवर शाई लावून कागदावर छाप घेतली. नुसती गिचमिड. एकही शब्द मराठी नाही, कुठलाच नाही. खोटं तरी काय सांगणार? काकूंनी कागद पाहिला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे डोकंही गेलं. चला." काका लहान मुलासारखे त्यांच्यामागे गेले. ते आता स्वतःलाच वेडे समजत होते, हे मला त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कागद फेकायला घेतला आणि फेकवेना. त्या ओळीत तीनदा ठ होता. एरवी मराठीत इतके ठ येतात कधी? आणि तिन्ही वेळा त्यांचा हात मधल्या मोठ्या खणाकडे गेलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. भरकटलेला हात भरकटतो, तीनदा एकाच खणात नेमका जात नाही. शिवाय शब्दांमधल्या जागा अगदी व्यवस्थित होत्या. कोरे खिळे. जे मी हलवले नव्हते.

बोंबला! एक्सेल उघडलं. माझा ठ ज्या खणात, तिथे जुन्या यादीत होता काना. सगळ्यांत जास्त लागणारा म्हणून सगळ्यांत मोठा, अगदी हाताखाली. मी एकेक अक्षर घेत गेले, माझा खण आणि त्यांचा खण. तेव्हा मला पहिल्यांदा ती मांडणी दिसली. वारंवार लागतात ती अक्षरं जवळ, क्वचित लागतात ती लांब, शेजारी शेजारी येणारी शेजारी शेजारी. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलल्यावर हाताला जे कळतं ते त्या लाकडात होतं, आणि मी त्याला केराची टोपली दाखवून वर्णमाला शिकवायला निघाले होते! स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. आणि काकांनी एकही खण चुकवला नव्हता. सतरा-अठरा खिळे, एकूण एक बरोबर.

शेवटचं अक्षर लावलं तेव्हा शेडमध्ये एकटीच मी मोठ्याने हसले, आणि लगेच रडायला आलं. मी योग्य खिळे घेऊन तीच ओळ नीट जुळवली, काकांनी पसंत केला असता इतक्या हलक्या दाबाने छापली, आणि शाई वाळायच्या आत स्कूटरला किक मारली.

दार उघडताना काकूंचे डोळे सुजलेले होते. मी चपला तशाच टाकून आत गेले आणि काकांच्या पलंगासमोर जमिनीवर बसले. नेहमीच्या सवयीने ओरडणार होते, जीभ चावली. साध्या आवाजात म्हटलं, "काका, तुमचं डोकं ठिकाणावर आहे. माझं नव्हतं. खण मी बदलले होते, तुम्ही नाही चुकलात." आणि कागद पुढे धरला.

काकांनी वाचलं. बराच वेळ कागद सोडेनात. मग नाकातून तोच आवाज काढला, सर्दीचा, आणि मला कळलं की महिनाभर हा माणूस मला हसत होता. कागद त्यांनी स्वतः काकूंच्या हातात दिला.

काकूंनी तो खिडकीपाशी नेऊन वाचला. त्यावर एवढंच होतं: "ओरडू नका. मी बहिरा नाही."

"हेच ते," काकू म्हणाल्या, "अगं, अगदी हेच बोलायचे. असंच." आणि भिंतीला धरून खाली बसल्या. मग उठून काकांच्या शेजारी गेल्या, त्यांचा उलटा पडलेला उजवा हात सुलटा करून आपल्या हातात घेतला, आणि महिन्याभरात मी एकदाही न ऐकलेल्या आवाजात, अगदी हळू म्हणाल्या, "अहो, चहा टाकू का?"

काकांनी होकाराची मान डोलावली. पण काकू उठल्याच नाहीत. तशाच हळू आवाजात बोलत राहिल्या, चार महिन्यांचं सगळं, आणि काका त्यांच्याकडे बघत ऐकत राहिले. चहा शेवटी मीच टाकला.