ऐदी माणसाचं बोलावणं

"बादशहाचं बोलावणं आल्याशिवाय ऐदी उठत नसे," त्रिविक्रम अंथरुणातूनच म्हणाला.

कावेरीनं त्याला नुकतंच ऐदी म्हटलं होतं. ती शिवी नसून हुद्दा आहे, हे बायकोला समजावणं त्याला भाग होतं. मूळ शब्द अहदी. अहद म्हणजे एक. मोगल बादशहाच्या थेट पदरचे हे एकांडे शिलेदार. बोलावलं तर लढायचं, एरवी घरी बसून खायचं. लोकांना ते बघवलं नाही आणि शब्द नासला. त्रिविक्रमाचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून बंगळूरला आले. त्यातलं बसणं तेवढं त्याच्या वाट्याला आलं होतं. याच विषयावर मराठी मंडळात बोलायचं त्यानं छप्पन साली कबूल केलं होतं. साठ साल उजाडलं तरी व्याख्यान लिहून व्हायचं होतं. विषयाशी इतकं इमान दुसऱ्या कुणी राखलं नसतं.

"विश्वेश्वरमामांनी त्यांच्या छापखान्यात मुद्रितं तपासायच्या कामाला दोनदा बोलावलं," कावेरी म्हणाली.

"मामा म्हणजे बादशहा नव्हे."

"सरी, बरं तर. मग मीही बोलावणं आलं की येईन." तिनं ट्रंक उचलली आणि गावातल्याच शिवाजीनगरला माहेरी गेली.

घर फार मोठं झालं. चूल पेटेना. आळसालाही कुणीतरी बघणारं लागतं, हे त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा त्याला अहदींचं दुसरं काम आठवलं: कुणाचा शेतसारा थकला की त्याच्या दारात जाऊन बसायचं, वसूल झाल्याशिवाय हलायचं नाही. तो सासऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसला.

"काय जावईबापू?" भगवंतरावांनी विचारलं. त्यानं अहदींची सगळी हकीकत सांगितली. "बसा, बसा," ते म्हणाले, "बसण्यात तुमचा हात कोण धरणार?"

दुपार कलली. येणारेजाणारे वळून बघू लागले. आयुष्यात एवढ्या कष्टानं तो कधी बसला नव्हता. अखेर कावेरी केरसुणी घेऊन बाहेर आली.

"स्वल्प सरका. झाडायचंय."

तो सरकला.

"मामा तासाभरात आजच्यापुरता छापखाना बंद करतील. आज तुम्ही गेला नाहीत तर उद्यापासून दुसरा माणूस ठेवणार आहेत." ती वाकून झाडत राहिली. "मी ट्रंक अजून उघडलेली नाही. उठा."

यावर सांगण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं; अकबराच्या काळापासूनचं होतं. त्यानं तोंड उघडलं. केरसुणी थांबली. त्यानं तोंड मिटलं, चपला पायात सरकवल्या आणि ओट्यावरून उतरून छापखान्याच्या बाजूला चालू लागला.