आप्पांचे उन्हाळी टायर

दोन हजार एकच्या मार्चमध्ये मी सांगली सोडली, ती ठरल्यापेक्षा पाऊण तास उशिरा. मुंबईला न्यायला भाड्याची सुमो दारात उभी, बॅगा टपावर बांधलेल्या, आईने माझ्या हातावर दही घातलेलं, आणि माझे वडील, आप्पा, गाडीमागे उकिडवे बसून टायर चाचपत होते. "मागचा डावा बदल, मगच हल," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "मालक, नवा हाय की!" आप्पा म्हणाले, "वरनं नवा हाय." पस्तीस वर्षं त्यांनी टायर रिमोल्डिंगच्या दुकानात काढलेली. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून त्याला पुन्हा रस्त्यावर धाडायचं, हाच धंदा. त्यांच्यापुढे कोण बोलणार? चाक बदललं. आईने चिडून दुसऱ्यांदा दही घातलं. आप्पांनी डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचा रबराचा वास डेट्रॉइटला उतरेपर्यंत माझ्या केसांना येत होता.

हे आज लिहायला बसलो, कारण तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं डोकं खाल्लं आहे. सांगलीची माझी थोरली बहीण, अक्का, फोनवर तेच विचारते, आणि इथून उठून टेक्सासला गेलेले तुम्ही मित्रलोकही तेच. अरे यार, गाड्यांचा धंदा बसला, या ट्रॉय गावातली निम्मी घरं विकायला निघाली, तुला ह्यूस्टनची नोकरी हातात येऊन पडली आहे, थंडी नाही की बर्फ नाही, मग हो म्हणायला काय धाड भरली आहे? सोमवारी उत्तर द्यायचं आहे. म्हणून सांगतो. हसायचं तर खुशाल हसा.

माझी इथली पहिली गाडी तुम्हाला आठवत असेल. लाल, दोन दारांची, परत भारतात निघालेल्या एका मुलाकडून घेतलेली. ऑफिसातले गोरेसुद्धा तिच्या टायरकडे बघून मान हलवायचे. रुंद, काळेकुळकुळीत, रस्त्याला चिकटून वळण घेणारे. ऑक्टोबरपर्यंत मी राजासारखा हिंडलो. नोव्हेंबरच्या एका सकाळी कोरड्या ठणठणीत रस्त्यावर ब्रेक मारला, तर गाडी आपली सरळ स्टॉप साइन ओलांडून पलीकडे. बर्फ नाही, पाणी नाही. उतरून टायरला बोट लावलं, तर दगड.

शेजारचे देशपांडे काका, रिटायर्ड इंजिनियर, तीस वर्षं मिशिगनमध्ये मुरलेले, त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, हे उन्हाळी परफॉर्मन्स टायर! यांचं रबर गरम रस्त्यासाठीच असतं. थंडीत ते काच होतं. काढून गॅरेजमध्ये ठेव आणि हिवाळ्याचे चार वेगळे आण." हे मी फोनवर आप्पांना सांगितलं, तर ते किती वेळ हसत होते. "टायरला पण स्वेटर लागतो म्हण की तुझ्या गावात!"

आई गेल्यावर, दोन हजार पाचच्या मे महिन्यात, मी आप्पांना सहा महिन्यांसाठी इथे आणलं. तुम्हाला त्यांचं कौतुक होतं, पण मला माहीत आहे, त्यांना इथे करमलं नाही. टीव्ही कळेना, रस्त्यावर माणूस दिसेना. वैदेही सासऱ्यांना देवळात न्यायची, तिथेही ते पार्किंगमध्ये गाड्यांचे टायर बघत बसायचे. खरे खुलले ते ऑक्टोबरात, माझे उन्हाळी टायर रिमवरून उतरले तेव्हा. चारही टायर त्यांनी साबणाने धुतले, पुसले, वाळवले. मग म्हणाले, "शंखजिरे आण." शंखजिरे म्हणजे दुकानात ट्यूबला लावायची ती पांढरी बुकटी. मी ट्रॉयमध्ये शंखजिरे कुठून आणू? बेबी पावडरचा डबा आणून दिला. तोंड वाकडं करून त्यांनी तीच चोळली. चार थोराड टायर आणि वास तान्ह्या बाळाचा. वैदेही हसून हसून खाली बसली.

लक्ष्मीपूजनाला त्यांनी टायर गॅरेजच्या आतल्या भिंतीला एका फळीवर उभे लावले, आणि खडूने प्रत्येकाच्या दर्शनी बाजूला, माथ्याशी, "श्री" काढला. मला बोलावून समजावलं. "एकाच अंगावर उभा राहिला की टायर तिथं सपाट होतो. म्हणून दर अवसेला पाव फेरी द्यायची." अमावास्येला ते अवस म्हणत. सांगलीत त्यांचं दुकान अवसेला बंद असे, आणि त्या दिवशी ते ठेवणीतले टायर फिरवत. "आज श्री सरळ आहे. पुढच्या अवसेला आडवा. मग उलटा. मग दुसऱ्या कुशीवर. चौथ्या अवसेला पुन्हा सरळ झाला की समज थंडी गेली. आणि मधे कडाक्याच्या थंडीत उगाच हात लावू नकोस. रबर झोपलेलं असतं. झोपलेल्याला ओढू नये."

"तुम्ही गेल्यावर कोण लक्षात ठेवणार अवस?" मी म्हणालो.

"तू तर नाहीच. राहू दे, मी बघतो," ते म्हणाले. मला तो टोमणा वाटला.

चार दिवसांनी त्यांचं विमान होतं. बर्फ पडायच्या आत ते गेले. बर्फ त्यांनी जन्मात पाहिला नाही, हे लक्षात ठेवा.

अमावास्या अर्थातच मी विसरलो. डिसेंबरात एका सकाळी फावडं घ्यायला गॅरेजमध्ये गेलो, तर चारही श्री आडवे. मला वाटलं वैदेहीने फिरवले. ती म्हणाली, "मी? मला ते टायर हलणार तरी आहेत का?" रविवारी आप्पांना फोन केला. त्यांचा आवाज खोल गेलेला, दम लागत होता. अक्का म्हणाली, डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय. मी विषय बदलायला गमतीने म्हणालो, "आप्पा, तुमचे टायर आपोआप फिरले."

"आपोआप कसे फिरतील?" ते म्हणाले. आणि मग दम घेत, "तुझ्या गॅरेजच्या दाराखालून बर्फ आत येतो रे. उजव्या कोपऱ्यातनं. तिथं पोतं लाव."

मी फोन ठेवून गॅरेजमध्ये गेलो. दाराच्या उजव्या कोपऱ्यातून बर्फाची बारीक रेघ आत आली होती. थेट फळीपर्यंत. पोतं इथे कुठलं, जुना टॉवेल लावला.

डिसेंबरच्या शेवटी श्री उलटे झाले. गॅरेजमध्ये बेबी पावडरचा वास होता, जणू आत्ताच कुणी डबा झटकला होता. डबा तर आप्पांनी सोबत नेला होता, अक्काच्या नातीसाठी. देशपांडे काकांना दाखवलं. ते म्हणाले, फरशीला उतार आहे, गोठणं-वितळणं होतं, टायर घरंगळतात. मी म्हटलं, काका, चारही? आणि बरोबर पाव फेरी? काका चष्मा पुसत राहिले, मग चहा न घेताच घरी गेले.

जानेवारीच्या मध्यावर आप्पा गेले. आणि मी गेलो नाही.

हे तुमच्यापैकी कुणी तोंडावर विचारलं नाही, म्हणून मीच सांगतो. ग्रीन कार्डचे कागद अशा जागी अडकले होते की त्या आठवड्यात देश सोडला असता, तर अर्ज बाद झाला असता. वकिलाने तसं स्वच्छ सांगितलं. अग्नी अक्काच्या मुलाने दिला. मी इथे हीटर लावलेल्या खोलीत बसून फोनवर मंत्र ऐकले. लाज वाटते अजून. कारण खरं होतं, पण बापाला कारण सांगायचं असतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी हाडं फोडणारी थंडी पडली होती. मी गॅरेजमध्ये गेलो. ते चार उलटे श्री बघवेनात. आपल्याकडे उलटा श्री कोण ठेवतो? डोकं फिरलं माझं. आप्पांनी काय सांगितलं होतं तेही आठवलं नाही. पहिला टायर दोन्ही हातांनी हिसडून फिरवायला गेलो, तो हातातून सुटला आणि फरशीवर आदळला. टक्. एवढाच आवाज. बाजूच्या रबराला वीतभर भेग. झोपलेल्याला मी ओढलं होतं. त्याला तसाच, डोकं खाली करून, जागेवर ठेवला आणि तिथेच फरशीवर बसून आप्पा गेल्यापासून पहिल्यांदा रडलो.

त्यानंतर गॅरेजचं दार मी उघडलं नाही. गाडी बाहेर रस्त्यावर ठेवायचो, रोज काचेवरचा बर्फ खरवडायचो. वैदेही विचारायची, असं का करतोस. काय सांगणार? मला भीती टायर फिरण्याची नव्हती. न फिरण्याची होती. आप्पा रागावले असतील, आता यायचे नाहीत, हे मला त्या फळीवर वाचायचं नव्हतं.

पौषातली अमावास्या मात्र या वेळी मी विसरलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऑफिसातून लवकर निघून, वैदेहीला सोबत घेऊन दार उघडलं. आधी वास आला. मग तिने माझा दंड धरला. चारही श्री दुसऱ्या कुशीवर होते. फुटलेल्या टायरचासुद्धा. मी जवळ जाऊन बघितलं. त्याच्या भेगेत पावडर भरलेली होती. नीट, बोटाने दाबून, कडेची पुसून. लहानपणी गुडघा फुटला की ते हळद भरायचे ना, तशी.

माघातल्या अमावास्येला श्री सरळ झाले, आणि आठवड्याभरात छपरावरचा बर्फ गळायला लागला.

कागद मिळाले तसा एप्रिलमध्ये मी सांगलीला गेलो. घर अक्काने आवरून ठेवलं होतं, फक्त स्वयंपाकघरातलं कॅलेंडर तसंच लटकत होतं. आपल्या सगळ्यांच्या घरी असतं तसं, चौकोनाचौकोनात लिहिलेलं. "गॅस लावला." "दूध आलं नाही." आप्पांची ती अक्षरं जानेवारीच्या मध्यावर थांबत होती. पण त्याच अक्षरात, महिनाअखेरच्या काळ्या गोळ्यापाशी लिहिलं होतं, "ट्रॉय". मी पान उलटलं. फेब्रुवारीच्या अमावास्येला, "ट्रॉय". मार्च ते ऑक्टोबर कोरे. तेव्हा टायर फिरवावे लागत नाहीत, हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक? मग दिवाळीनंतर पुन्हा. नोव्हेंबर, "ट्रॉय". डिसेंबर, "ट्रॉय". अक्का म्हणाली, आजारपणात बसल्या बसल्या आधीच लिहून ठेवलं असेल. असेलही. मी ते कॅलेंडर घडी घालून आणलं.

लाल गाडी कधीच विकली. फुटका टायर कुणी घेणार नाही, आणि बाकीचे तीन मी देणार नाही. दर लक्ष्मीपूजनाला मी त्यांना पुसतो, श्री काढतो आणि हात लावत नाही. हो, फिरतात. तिसरा हिवाळा चालू आहे. सुरुवातीला वैदेही घाबरायची, आता अमावास्येच्या आदल्या दिवशी दाराच्या उजव्या कोपऱ्यात स्वतःच टॉवेल लावते. म्हणते, आप्पांच्या पायाला गार लागत असेल.

तर सोमवारी मी त्या ह्यूस्टनवाल्यांना नाही म्हणणार आहे. इथली नोकरी राहील की जाईल, देव जाणे. तुम्ही म्हणाल, टायर ट्रकमध्ये टाकून टेक्सासला घेऊन जा. विचार केला मी तोही. पण तिथे थंडी नाही, आणि थंडी नसेल तर टायर कुणी कशाला फिरवेल? शिवाय आप्पांना इंग्रजी वाचता यायचं नाही. अमेरिकेत त्यांना एकच घर माहीत आहे. आम्ही इथून उठून गेलो, तर त्यांना नवा पत्ता कोण सांगणार?