अबोधचं झालं अबोल

"मॅडम, हा बोर्ड तुमचा ना? मग बाहेर या आणि निस्तरा," प्राचार्य दारातूनच म्हणाले.

व्हरांड्यात एक म्हातारी सुनेचा हात घट्ट धरून उभी होती. तिनं बोर्डाकडं बोट केलं.

"इथं अबोल मन लिवलंय म्हणं. माझी सून अबोल झाली, म्हैना होत आला. बगा बरं हिला."

मी बोर्ड वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. पेंटरला मी लिहून दिलं होतं, ‘अबोध मन : मोफत चर्चा, दर शनिवारी दुपारी’. त्या पठ्ठ्यानं ‘अबोल मन’ रंगवलं होतं. आठ दिवस बोर्ड तिथं लटकत होता आणि मानसशास्त्र शिकवणाऱ्या या शहाणीनं तो एकदाही नीट वाचला नव्हता.

हिंगोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी कळमनुरीला कॉलेजात शिकवत होते. अबोध मन म्हणजे मनाचा तो भाग, जो आपल्या नकळत आपल्याला वागवतो. पोरं ते परीक्षेपुरतं पाठ करायची आणि विसरायची. मला राग यायचा. म्हणून मी गावातल्या कुणालाही खुला असा चर्चागट काढला. आठ-दहा माणसं यायची. नियम एकच. कुणी स्वप्न सांगितलं, तर त्याचा अर्थ त्याला सांगायचा नाही. ‘हे स्वप्न मला पडलं असतं तर’ अशी सुरुवात करून फक्त स्वतःबद्दल बोलायचं. घेणाऱ्यानं घ्यावं, नाहीतर सोडून द्यावं.

म्हातारीचं नाव सोनाबाई राठोड, जवळच्या बंजारा तांड्यावरची. सून कविता, दहावी पास. तांड्यावर अंगणवाडी सेविका म्हणून तिची निवड झाली होती. ऑर्डर हातात होती आणि रुजू व्हायला तीन आठवडे उरले होते. लेकरांना गाणी शिकवायची नोकरी आणि बाईला आवाजच नाही! नांदेडच्या घशाच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, स्वरयंत्र नॉर्मल.

"काहून बोलत न्हाई गं, सांग की म्याडमला," सोनाबाई म्हणाली. कविता खोकली. खणखणीत खोकली. माझे कान टवकारले. खोकल्याला आवाज आहे म्हणजे गळा शाबूत आहे. मनानं गळा धरला की असं होतं, हे मी पुस्तकात वाचलेलं. समोर पहिल्यांदाच बघत होते.

"आपण कॉलेज चालवतो, दवाखाना नाही," प्राचार्य म्हणाले. "काही बिनसलं तर?"

"जबाबदारी माझी."

"लिहून द्या."

दिलं लिहून. त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेननं.

आणि पहिल्याच शनिवारी मी माती खाल्ली. सोनाबाईला बाहेर बसवून सगळ्यांसमोर कविताला विचारलं, "सासरी जाच आहे का?" कविता ताडकन उठली, दारापाशी जाऊन उभी राहिली आणि तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. आमच्यात दत्तराव नावाचे हळदवाले शेतकरी होते, कुरुंद्याहून एसटीनं यायचे. त्यांनी मला सरळ झापलं.

"म्याडम, ज्वारीचं पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत न्हाई. आदी हवा खेळू द्यावी लागती. मग दिवा सोडून बगायचा. इझला तर थांबायचं. घाई केली त्यो माणूस आतच ऱ्हायला."

पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खड्डा. माझ्या पुस्तकातल्या दोन प्रकरणांत जे मावलं नव्हतं, ते या माणसानं चार वाक्यांत सांगितलं. मी कविताची माफी मागितली. ती परत येऊन बसली.

दुसऱ्या शनिवारी तिला कुणीच काही विचारलं नाही. आम्ही आमचीच स्वप्नं सांगत राहिलो. दत्तरावांच्या स्वप्नात बैल एसटीचं तिकीट मागत होता. कविता पदर तोंडाला लावून हसली. मी मनातल्या मनात दिवस मोजत होते. जीव टांगणीला लागला होता.

तिसऱ्या शनिवारी तिनं वही पुढं केली. तिच्या खुणेनं मी मोठ्यानं वाचलं. स्वप्नात ती तांड्यावर उभी होती. सगळ्या बाया रडत होत्या. तिच्या तोंडात ज्वारी गच्च भरलेली. तोंड उघडलं तर सांडेल, म्हणून ती ओठ दाबून उभी होती.

मग दत्तराव म्हणाले, "हे सपान मला पडलं असतं, तर म्या म्हणलं असतं, हे दाणे दुसऱ्या कुनी न्हाई भरले. मीच भरून घेतले. काहीतरी सजा म्हणून."

कविताच्या घशातून आवाज आला. आधी नुसता हुंदका. मग ‘याडी’. बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. मग ती मोठ्यानं, गळा काढून रडली. बाहेरून सोनाबाई धावत आली, तिनं सुनेला पोटाशी धरलं आणि तीही रडायला लागली.

घोगऱ्या आवाजात कवितानं सांगितलं. निवडीच्या दिवशी आई सोबत ऑफिसात आली होती. आपल्या बोलीत मोठमोठ्यानं बोलत होती. टेबलामागची माणसं हसली. "मला शरम वाटली, म्याडम. मी म्हणलं, याडी, तोंड बंद ठेव. घरी जाईस्तोवर ती एक शब्द बोलली न्हाई." आठ दिवसांत आई गेली. ऑर्डर आली ती दहाव्याला. त्याच दिवशी कविताचा आवाज बसला.

"माय तर लेकीचं लई बोलणं पोटात घालती," सोनाबाई म्हणाली. "तिनं कवाच माफ केलं असंल."

सोमवारी कविता रुजू झाली. पुढं एकदा अंगणवाडीच्या सुपरवायझर तांड्यावर गेल्या. लेकरं बंजारा बोलीत गाणं म्हणत होती. "मराठीत घ्या," त्या म्हणाल्या. "घेईन," कविता म्हणाली, "पण आदी त्यांच्या आईच्या बोलीत." हे मला सुपरवायझरनीच तक्रार म्हणून सांगितलं. मला इतका आनंद झाला की मी त्यांना चहा पाजला.

प्राचार्यांनी वार्षिक अहवालात ‘महाविद्यालयाचा अभिनव उपक्रम’ असं छापलं. छापू दे. त्या खोलीत मी होते, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

धडा म्हणाल तर एवढाच. दुसऱ्याच्या मनात उतरण्याआधी आपण गप बसावं. तीस वर्षं तासाला पंचेचाळीस मिनिटं बोलायचा पगार घेणाऱ्या बाईला हे शिकायला तीन शनिवार लागले.